‘विदर्भ क्वीन’वर गॅस आला

आमच्या घरी बोट आहे. हे वाक्य वऱ्हाडात म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग आभाळाकडे. अकोल्याच्या ज्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते, तिथल्या एका पोरीनं तर सरळ विचारलं होतं, "मॅडम, पण पाणी?"

पाणी आहे. परतवाड्याच्या वर, डोंगर सुरू व्हायच्या आधी एक धरण आहे. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पर्यटनाच्या कुठल्याही नकाशात ते नाही. धरणाच्या काठाला आमचं शेत आहे. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधावर झेंडू. माझे बाबा, भगवंत, या शेतात फारसे कधी उतरले नाहीत. त्यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी फिरायला जाऊ लागले, बाबांनी बोट आणली.

ही बोट कुठल्याशा तलावाच्या सुशोभीकरणासाठी घेतलेली होती. तिचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर सुशोभीकरण म्हणून ती तीन वर्षं बाभळीला बांधून ठेवली गेली. लिलावात बाबा एकटेच बोली लावणारे होते, त्यामुळे चुरस फार झाली नाही. ट्रकवरून येताना ती मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पुलाखाली अडकली आणि छपराचे खांब वीतभर कापावे लागले. म्हणून आजही उंच माणूस आमच्या बोटीत नम्रपणे उभा राहतो. बाबांनी तिचं नाव ‘विदर्भ क्वीन’ ठेवलं, सुटताना दोनदा घंटी वाजवायची पद्धत पाडली, आणि अमरावती-अकोल्याचे पाहुणे रविवारी धरण बघायला येऊ लागले. धरण बघून माणसाला भूक लागते. तिथून आईचं काम सुरू झालं.

माझी आई, बेबीताई. शिक्षण सातवी. बोटीच्या मागच्या टोकाला चार बाय पाच फुटांची एक फळ्यांची खोली आहे, तिला बाबा ‘किचन’ म्हणतात. तिथे पंपाचे दोन पितळी स्टोव्ह लोखंडी पट्टीनं पक्के बसवलेले होते. त्यावर नऊ वर्षं आईनं पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी आणि रविवारी तळलेले मासे केले. हे स्टोव्ह आईशिवाय कुणाला पेटत नसत. वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं, नळी तापू द्यायची आणि नेमक्या वेळी हवा भरायची. हवा लवकर भरली तर छपरापर्यंत भडका, उशिरा भरली तर काळा धूर. आईची उजवी भुवई डावीपेक्षा निम्मी आहे. ती जन्मापासून तशी नाही.

मग रॉकेल बंद झालं. रेशनवर आधी कमी झालं, मग गेलंच. गावाच्या फाट्यावर ‘धूरमुक्त गाव’ असा फलक लागला आणि आईच्या किचनमध्ये धूर दुप्पट झाला, कारण बाबा कुठून कुठून जे आणत ते रॉकेल आहे एवढंच विकणारा सांगत असे. आईनं दोन वर्षं ते चालवून घेतलं. तिच्या खोकल्याची दखल कुणी घेतली नाही. पण अमरावतीच्या एका पाहुण्यानं इंटरनेटवर एकच चांदणी देऊन लिहिलं, ‘निसर्ग उत्तम, भाजीला रॉकेलचा सुगंध’. त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

"आता गॅसच," सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं.

देवानंदकाका तेव्हा ओट्यावरच होता. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. परतवाड्यात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. काकाला काही येत नाही असं मुळीच नाही. त्याला सगळ्यातलं थोडं थोडं येतं, आणि घरातली निम्मी दुरुस्ती त्यामुळेच दोनदा करावी लागते.

"गॅस फिटिंग म्हणजे काई रॉकेट सोडणं नोहे, दादा," काका म्हणाला. "मी पाच व्हिडिओ पायले हायेत. सिलिंडर खाली तळाले ठेवू, फळ्यायच्या खाली. पाहुण्यायले दिसणार बी नाई. एकदम हॉटेलवानी."

आई वांगी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "भाऊजी, तो गॅस सांडला त जाईन कुठी?"

सगळे हसले. काका तर मांडीवर थाप मारून हसला. "वहिनी, गॅस काय दूध हाय सांडाले? तो उडते!"

"घरी सिलिंडर खाली असते, त दाराखालून वास बाहेर जाते," आई म्हणाली. "बोटीच्या तळाले दार नाई. ते त गंज हाय."

गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. मीसुद्धा हसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मी अमरावतीहून एम.एस्सी. केलेली बाई. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो हे मी परीक्षेत लिहिलं आहे, त्याचे मार्क घेतले आहेत आणि दरवर्षी शंभर पोरांकडून ते पाठ करून घेते. पण ते फळ्यावर. ओट्यावर वांगी निवडणारी सातवी पास बाई तेच म्हणते आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

कनेक्शन घ्यायला आई-बाबा दोघं गेले आणि मीही सोबत होते. एजन्सीतल्या माणसानं फॉर्म पुढे ओढला.

"किचनचा पत्ता?"

"बोट," बाबा म्हणाले.

"बोट कुठी असते?"

"सकाळी काठाले. दुपारी मधात."

"कायच्या मधात?"

"पाण्याच्या."

त्या माणसानं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "जवळची खूण?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बगळे," ते म्हणाले.

फॉर्ममध्ये हॉटेल, ढाबा, मंगल कार्यालय आणि वसतिगृह एवढ्याच जागा होत्या. तरंगणारं काही नव्हतं. आत साहेबांना विचारायला तो माणूस तीनदा गेला. या दोन तासांत बाबा तिथल्या प्रत्येकाला बोटीची लांबी सांगत होते, मी मोबाइल बघत होते आणि आई टेबलावरचं सुरक्षेचं पत्रक वाचत होती. पुढून, मागून आणि पुन्हा पुढून. दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून, असं ती नंतर म्हणाली. शेवटी ‘उपाहारगृह, धरणासमोर’ असं लिहून प्रश्न मिटवण्यात आला. बोट धरणात होती, पण एवढ्या तेवढ्या शब्दानं काय फरक पडतो?

मग तपासणी. एजन्सीचा मेकॅनिक किशोर शनिवारी दुपारी मोटरसायकलवर आला आणि काठावर थांबला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"या ना, आत या," काका बोटीतून म्हणाला.

"मले पोहता येत नाई," किशोर म्हणाला. "इथूनच दिसते सगळं. सिलिंडर उभा हाय ना?"

"उभा हाय."

"हवा खेळती?"

काकानं चारी दिशांना हात केला. धरणावर हवा खेळत होतीच. किशोरनं पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवून सही केली आणि तो गेला.

सिलिंडर मात्र हवेत नव्हता. काकानं तो किचनच्या फळ्यांखाली, बोटीच्या पोटात उतरवला होता. एजन्सीची नळी तिथून शेगडीपर्यंत पुरेना. मग काकानं आपल्या दुकानामागच्या हार्डवेअरमधून दुसरी नळी आणली, दोन्हींच्या मध्ये पितळेचा तुकडा घातला आणि वरून तार आवळली. संध्याकाळी त्यानं शेगडी एकदा पेटवून पाहिली. निळा जाळ आला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. उद्या उद्घाटनाला पाहुण्यांनी नुसता खटका फिरवला की जाळ यायला हवा, म्हणून काकानं खालचा रेग्युलेटर चालूच ठेवला. आई तेव्हा शेतात होती. तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि माझंही डोकं त्यातच धरा.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला होतं. नत्थुजी प्रमुख पाहुणे होते. ते धरण पर्यटन विकास समितीचे अध्यक्ष. समितीनं आतापर्यंत धरणाचा जो विकास केला त्यात एक बाक आणि त्या बाकावर समितीच्या सर्व सदस्यांची नावं एवढं येतं. बोटीला आदल्या दिवशी नवा रंग दिला होता. तीसेक माणसं बोटीत दाटीवाटीनं बसली होती. नव्या शेगडीला आमच्याच बांधावरच्या झेंडूचा हार घातला होता आणि तिच्यापुढे समई ठेवली होती. आधी समई, मग नारळ, मग शेगडीवर पहिला चहा, मग धरणाला एक चक्कर, असा कार्यक्रम काकानं छापून घेतला होता.

नत्थुजींनी भाषण केलं. रॉकेलच्या अंधारयुगातून आपण बाहेर पडत आहोत, असं ते म्हणाले. मग खाली बसले, समईची वात सारखी केली आणि काडीपेटी मागितली.

तेवढ्यात आई आली. ज्या स्वयंपाकघराचं उद्घाटन होतं त्यातली एकमेव स्वयंपाकीण सगळ्यांत शेवटी आली, कारण पाहुण्यांच्या जेवणाची वांगी तोडायची राहिली होती. डोक्यावर टोपली घेऊन ती फळीवरून बोटीत उतरली आणि एक पाय आत टाकून तिथेच थांबली.

"वास येऊन राहिला," ती म्हणाली.

"रंगाचा हाय, वहिनी," नत्थुजी हसून म्हणाले.

"नव्या शेगडीले वास असतेच," काका म्हणाला. "दोन दिवसात जाते."

"कालचे मासे असतीन," बाबा म्हणाले.

आणि मी, एम.एस्सी., म्हणाले, "आई, थोडा वास राहतोच गं. तू बस."

आईनं टोपली माझ्या हातात दिली. माणसांमधून वाट काढत ती किचनमध्ये गेली, गुडघ्यावर बसली, एक फळी उचलली आणि आत डोकं घातलं. लगेच बाहेर काढलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

नत्थुजींनी काडी पेटीवर टेकवली होती.

आईनं त्यांच्या हातातून पेटी आणि काडी दोन्ही हिसकावली आणि धरणात फेकली. अध्यक्षांच्या हातातून काही हिसकावलं गेल्याची समितीच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ असावी. 

"कोणी काडी ओढली त हात तोडीन," आई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "खाली गॅस भरला हाय. सगळे उतरा. धक्काबुक्की करू नका. एकएक."

"अवं, पाहुणे हायेत," बाबा कसेबसे म्हणाले.

"म्हणूनच सांगून राहिले. जित्ते उतरा म्हणा."

काकाला मात्र अजून उपाय सुचत होते. "काई घाबराचं काम नाई! तळातला पाणी उपसाचा पंप चालू करतो, दोन मिनटात सगळं बाहेर," असं म्हणत त्यानं खांबावरच्या बटणाकडे हात नेला.

"भाऊजी!" आई अशी ओरडली की पलीकडच्या किनाऱ्यावरचे बगळे उडाले. "खटक्याले हात लावू नका! ठिणगी पडते त्याच्यात! पत्रकात लिवलं होतं!"

काकाचा हात बटणापासून चार बोटांवर थांबला. तो तसाच काही वेळ हवेत राहिला आणि मग खाली आला.

माणसं उतरली. ‘एकएक’ या शब्दाचा अर्थ नत्थुजींनी ‘पहिला मी’ असा घेतला. बाबांनी म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवलं. मीही उतरले. काठावर पोहोचून मागे पाहिलं तर आई उतरलेली नव्हती. पदर नाकाला लावून ती फळीखाली वाकली होती आणि चाचपडत सिलिंडर बंद करत होती.

तेव्हा कुठे मला माझा विषय आठवला. तो ज्या चढ्या आवाजात मी वर्गात सांगते त्याच आवाजात आठवला: हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो, ठिणगी पुरेशी असते. समोर एक खोलगट जागा होती आणि तिच्यात माझी आई होती. माझ्या हातात तिनं दिलेली वांग्यांची टोपली तशीच होती. ती मी कुणाच्या तरी पायावर टाकली, चपला काढल्या आणि परत फळीवरून धावले.

"कावून आली?" आई खोकत म्हणाली. "जा तिकडं."

"नाही जात. बंद झाला?"

"झाला. पण आतला जाईन कसा? वारा खालपर्यंत नाई पोचत."

मला सुचेना. पंप लावता येत नव्हता, पंखा लावता येत नव्हता. मी बोटीच्या त्या रिकाम्या दिसणाऱ्या पोटाकडे बघत राहिले.

"बोटीत पाणी भरलं त काय करतो आपुन?" आईनं विचारलं.

"उपसतो."

"मंग उपस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. आणि विज्ञानाच्या दृष्टीनं बाईचं म्हणणं बरोबर होतं. जड वायू पाण्यासारखा तळाला बसतो, तर पाण्यासारखा उपसताही येतो. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं असेलही, पण सुचलं तिला.

"लोखंडी बादली घेऊ नको," ती म्हणाली. "आपटली त ठिणगी पडन. ते प्लास्टिकचं घमेलं घे."

आम्ही सगळ्या फळ्या एकेक करून हळूच काढल्या आणि कामाला लागलो. रिकामं घमेलं तळापर्यंत न्यायचं, अलगद उचलायचं, वाऱ्याच्या दिशेनं बोटीबाहेर पालथं करायचं. पुन्हा रिकामं घमेलं खाली. बाहेर ओतलं. पुन्हा.

काठावरून हे जे दिसलं ते मी समजू शकते. माळ्याच्या घरची एक साठीची बाई आणि तिची क्लासवाली पोरगी ‘विदर्भ क्वीन’मधून घमेली भरभरून काहीच नाही ते धरणात ओतत होत्या.

"काय करून राहिल्या?" कुणीतरी विचारलं.

"रिकामी घमेली खाली करून राहिल्या," दुसऱ्यानं सांगितलं.

हसण्याची एक लाट आली. दोघांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. नत्थुजी बाबांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, पण पाण्यावरून आवाज लांब येतो, "भगवंतराव, वहिनीची तब्येत बरी असते ना हल्ली?"

बाबा बोटीकडे बघत होते. आयुष्यभर माणसांना नेऊन पोचवलेला माणूस. गाडीतले प्रवासी उतरल्याशिवाय ज्यांनी कधी आपली सीट सोडली नाही, ते आज प्रवाशांबरोबर उतरून काठावर उभे होते, आणि हे त्यांना आत्ता कळत असावं. त्यांनी बूट काढले, पायजमा वर घेतला, काठावर मासे विकणाऱ्यांच्या ओट्यावरून एक प्लास्टिकचा टब उचलला आणि फळीवरून आमच्याकडे आले.

"कुठून उपसू?" त्यांनी आईला विचारलं.

"मधातून," आई म्हणाली. "अन् पाय आपटू नका."

नऊ वर्षांत बाबांनी किचनमध्ये ‘काय करू’ असं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तासभर आम्ही तिघांनी न दिसणारी वस्तू उपसली. हात भरून आले. डोकं दुखायला लागलं की बाहेर तोंड काढून श्वास घ्यायचो. हळूहळू वास विरत गेला. आईनं तीनदा तळाशी डोकं घालून पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "आता रंगाचा येऊन राहिला."

तोवर काठावरची बरीच मंडळी पांगली होती. ज्या कार्यक्रमात जेवण मिळणार नाही त्यात थांबण्याचं कारण उरत नाही. नत्थुजींना अचलपूरला एक तातडीची बैठक आठवली.

किशोरला फोन करून बोलावलं. सिलिंडर आम्ही काठावर काढला होता, त्यामुळे या वेळी त्याला गाडीवरून उतरायला हरकत नव्हती. त्यानं साबणाचं पाणी करून जोडावर लावलं. वाल्व क्षणभर उघडला. तार आवळलेल्या जागी असे बुडबुडे आले जसे पोरं नळीनं फुगवतात.

"ही नळी कोणी जोडली?" किशोरनं विचारलं.

"ही नळी कोणी तपासली?" आईनं विचारलं.

किशोर साबणाचे हात पुसू लागला. काका मात्र अजून हरलेला नव्हता. "एवढ्याशा बुडबुड्यानं काय होते? वासच फक्त. वहिनीनं उगीच..."

बाबांनी सिलिंडर उचलून मासे तोलायच्या काट्यावर ठेवला. सिलिंडरचं आणि आतल्या गॅसचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, आणि काल संध्याकाळी एकदा शेगडी पेटवून पाहिली ते सोडून त्याच्यावर काही झालं नव्हतं. काटा सहा किलो कमी दाखवत होता.

"काटा खराब असन," काका म्हणाला.

मासेवाल्यानं पाच किलोचं वजन काट्यावर ठेवून दाखवलं. बरोबर पाच.

काका बाकावर बसला. त्याच बाकावर ज्याच्यावर सगळ्या सदस्यांची नावं आहेत. तो समितीचा चिटणीस असल्यामुळे त्याचंही नाव तिथे होतं. सहा किलो. त्याला गॅसचं शास्त्र ठाऊक नसेल, पण सहा किलो म्हणजे किती हे दुकानदाराला कळतं. आणि तीस माणसं किती असतात हेही. त्याची बायको रागिणी आणि त्याची दोन पोरं पहिल्या रांगेत, समईच्या सगळ्यांत जवळ बसली होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तो हात... बटणावर..."

"नाई लागला ना," आई म्हणाली. "पाणी प्या."

ती त्याच्यावर ओरडली नाही. त्याला तेच जास्त लागलं, असं मला वाटतं. ओरडली असती तर त्यानं उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या एका स्थानिक पानावर बातमी आली: ‘अध्यक्षांच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला’. सोबत नत्थुजींचा फोटो होता, काडीपेटी हातात असलेला. आईनं बातमी वाचली, त्यावरच पालक निवडायला घेतला आणि म्हणाली, "फोटो चांगला आला."

पुढचा आठवडाभर बोट बंद होती. परत स्टोव्हच लावू, असं बाबा म्हणाले. आईनं साफ नकार दिला. गॅस वाईट नव्हता, बसवणारे वाईट होते, असं तिचं मत पडलं. तिनं परतवाड्याच्या लोहाराकडून जाळीचा एक पिंजरा करून घेतला. तो बोटीच्या मागे, बाहेरच्या बाजूला, पाण्यावर लटकेल असा ठोकून घेतला. तळाला नुसत्या सळया. सिलिंडर त्यात. काही गळलंच तर सळयांमधून सरळ पाण्यावर आणि वाऱ्यावर. आतपर्यंत अखंड नळी, आणि शेगडीजवळ हाताला येईल असा वेगळा खटका. स्वयंपाक संपला की दोन्हीकडून बंद. हे बसवायला किशोरला बोटीत यावंच लागलं. तो अंगात दोन लाइफ जॅकेट घालून आला आणि सगळं काम त्यानं एका हातानं केलं. दुसऱ्या हातानं त्यानं आईचा खांदा धरला होता. पण काम चोख केलं, आणि या वेळी सही करायच्या आधी प्रत्येक जोडाला साबण लावून आईला दाखवला.

पुढच्या रविवारी, समई आणि अध्यक्ष या दोन्ही वस्तू वगळून, आईनं शेगडी पेटवली. खटका फिरवला, जाळ आला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. आवाजच नाई याले."

स्टोव्हच्या घरघरीत नऊ वर्षं तिला पुढचं काही ऐकू आलं नव्हतं. आता भाकरी थापता थापता तिला बाबा पाहुण्यांना धरणाची काय माहिती देतात ते पहिल्यांदा ऐकू आलं. त्यातली निम्मी खोटी आहे, असं तिनं मला दुपारी सांगितलं.

पितळी स्टोव्ह घासून, पुसून बोटीच्या दर्शनी भागात ठेवावेत, पाहुणे फोटो काढतील, असं बाबांचं म्हणणं होतं. तुलाही आठवण राहील, असं ते आईला म्हणाले. आईनं आपली निम्मी भुवई वर केली. बुधवारी भांडेवाला आला तेव्हा तिनं दोन्ही स्टोव्ह त्याला देऊन एक जाड बुडाची कढई घेतली.

देवानंदकाका मात्र पंधरा दिवस दिसला नाही. सोळाव्या दिवशी तो दुपारी मोटरसायकल घेऊन आला, ओट्यावर बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग आईकडे न बघता म्हणाला, "वहिनी, जरा घरी येता काय? रागिणीनं बोलावलं हाय."

आई आणि मी गेलो. रागिणीकाकूला आम्ही येणार हे माहीत दिसलं नाही. काकानं आम्हाला सरळ स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर एका वाटीत साबणाचं पाणी आणि एक जुना ब्रश तयार ठेवला होता.

"काय हो हे?" काकूनं विचारलं.

"काई नाई," काका म्हणाला. "गॅस कसा तपासाचा ते वहिनीले शिकवून राहिलो. तिले सराव पाह्यजे."

मी तोंड उघडणार होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं.

"हो, शिकवून राहिले," आई म्हणाली. पदर खोचून ती खाली बसली, ओट्याखालची नळी हातानं वाकवून पाहिली आणि ब्रश फिरवला. नळी जुनी होती, वाकवल्यावर तिच्यावर बारीक भेगा उमटल्या. एका भेगेतून दोन लहान बुडबुडे आले.

आईनं मान वर केली. "आता काय कराचं, भाऊजी?"

काका तिच्या शेजारी उकिडवा बसला. बुडबुड्यांकडे बघून त्याचा चेहरा उतरला होता. दोन्ही पोरं दाराशी येऊन उभी होती.

"रेग्युलेटर बंद कराचा," तो हळूच म्हणाला आणि त्यानं तो स्वतःच्या हातानं बंद केला. "खिडकी उघडाची. अन् नवी नळी आणाची. आजच."

"बरोबर," आई म्हणाली.

"पाहा," रागिणीकाकू माझ्या कानाशी लागून कौतुकानं म्हणाली, "यायले किती माहीत हाय!"

आई हात पुसत उठली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "रागिणी, तुह्या नवऱ्याले नळी आणाले धाड. तोवर आपुन बाहेर बसू."